रिंगा खोक्यातच राहिल्या

गाडीत नवे स्पीकर बसवायचे असतील ना, तर गुपचूप दुकानात जा. मी घरी बसवले. रोज वाघोलीहून हिंजवडीला जायचं म्हणजे निम्मं आयुष्य ट्रॅफिकमध्ये, म्हटलं निदान गाणी तरी नीट ऐकू येऊ देत.

रविवारी सकाळी सोसायटीच्या पार्किंगमध्ये गाडीची दारं खोलायला घेतली, तर शेजारचे गायकवाड काका खुर्ची घेऊनच आले. रिटायर झालेत, वेळच वेळ. "हा स्क्रू कुठला? ती वायर कशाला?" शेवटी हात जोडले.

"काका, काम संपेपर्यंत कृपा करून मध्ये बोलू नका."

ते गप्प झाले, पण उठले नाहीत.

संध्याकाळी चारही दारं बंद करून काच खाली घेतली. अर्ध्यावर येऊन स्पीकरवर आपटली. चारही दारांची तीच गत. मी तिथेच फरशीवर बसलो.

काका म्हणाले, "संपलं काम? आता बोलू?"

"बोला."

"खोक्यावरच्या चित्रात स्पीकरखाली प्लास्टिकची रिंग दाखवलीय, काचेला जागा मिळावी म्हणून. तुमच्या रिंगा सकाळपासून खोक्यातच आहेत."

"अहो, मग तेव्हाच सांगायचं ना!"

काकांनी खुर्ची मिटली. "परवानगी नव्हती."