खंडेनवमीची लॉग फाइल

हॅलो? … दाजी? रेश्मा बोलतीय… व्हय, कडेगावनं, दवाखान्याच्या लॅबमधनं… दसऱ्याचं ऱ्हाऊ द्या. लोणंदला हायसा न्हवं?… मग दुकानाचं शटर खाली घ्या आन माझं ऐका.

धोंडुबाई गेल्या… आवं पेशंट, आपल्यातल्या न्हाईत. काल सकाळी ॲडमिट झालेल्या, किडनीचं दुखणं. दुपारी अडीचला गेल्या… व्हय, व्हय… आवं ऐका ना. पोटॅशियम सात पॉइंट चार होतं त्यांचं. तेवढ्यावर हृदय कवा बी बंद पडतं. वेळंत कळलं तर औषध हाय त्याला. आन रिपोर्ट मी पावणेबारालाच फोल्डरमदी टाकलेला!

वरच्या मजल्यावरचे इंद्रजित डॉक्टर म्हणत्यात, फोल्डर उघडतच नव्हता. मोठे डॉक्टर म्हणत्यात, खोटं हाय, ड्यूटीवर झोपला असणार… न्हाई, अजून कुणी मारलं न्हाई. पर गेटापाशी माणसं जमल्यात. मार बसू नये म्हणून इंद्रजित डॉक्टरांना एक्स-रेच्या खोलीत घालून बाहेरनं कडी लावलीय. लय भ्या वाटतंय, दाजी.

म्हणून तर तुमाला फोन लावला, हितले कॉम्प्युटर तुमीच बसवलेले. फोल्डर माझ्या कॉम्प्युटरवर, उघडणार ते वरनं. मग मधी अडलं कुठं?… हां, ती फायरवॉलची, कॉम्प्युटरच्या राखणदाराची नोंद. तुमीच चालू करून ठेवलेली… कुठं असती ती?… सी ड्राइव्ह… विंडोज… सिस्टीम बत्तीस… लॉगफाइल्स… फायरवॉल. परवानगी मागतंय. देऊ?… दिली. उघडली.

आवं, हजार ओळी हायत!… काय शोधू?… चारशे पंचेचाळीस. बरं… हां, फोल्डरला त्याच दारानं येत्यात, सांगितलेलं तुमी… सापडलं. वाचते. कालची तारीख. अकरा बावन्न. ड्रॉप. टीसीपी. मग कॉम्प्युटरचा नंबर, शेवट बारा… बारा म्हंजे वरच्या डॉक्टरांचा ना?… आन पुढं माझा, शेवट पाच. मग चारशे पंचेचाळीस… ड्रॉप म्हंजे काय?

म्हंजे फायरवॉलनं दारातनंच माघारी धाडलं.

मग इंद्रजित डॉक्टर खरंच बोलत्यात… थांबा, खाली अजून हाय. अकरा छप्पन्न, ड्रॉप. बारा दहा, ड्रॉप. एका येळंला तीन-तीन ओळी… कॉम्प्युटर आपसूक परत परत ठोकतो व्हय? बरं… बारा चाळीस. एक पाच… शेवटची दोन अठराची. नऊ येळा, दाजी. नऊ येळा बघितलं माणसानं.

एक जिना हाय हो मधी! ते उतरले न्हाईत, मी चढले न्हाई… फोन कसा करणार? आकडे फोनवर सांगायचे न्हाईत, फोल्डरमदीच टाकायचे, मोठ्या डॉक्टरांचा नियम. त्यांना वाटलं, रिपोर्ट व्हायचाय. मला वाटलं, वाचला असंल. आन मी काय करत होते ठावं हाय? खाली खोबरं-साखर वाटत होते. मशिनींची पूजा झालेली ना.

काय?… अकराच्या आधी? फाइलीत वर सरकवून बघते… न्हाई. परवा एक बी न्हाई. काल सकाळी बी न्हाई. पैली ओळ अकरा बावन्नचीच…

काय बदललं म्हंजे… नवा राउटर. तुमी परवा देऊन गेलासा त्यो. मोठे डॉक्टर म्हणले, उद्या खंडेनवमी, मुहूर्तावरच लावू. मग रातभर खोक्यातच ठेवला. काल हळद-कुंकू वाहिलं, नारळ फोडला, आन वायर मीच जोडली… सव्वाअकराला.

स्क्रीनवर?… व्हय. एक खिडकी आलेली. इंग्रजीत. बाकीच्या कॉम्प्युटरांना ह्यो कॉम्प्युटर दिसू द्यायचा काय, असं काय तरी… नो. नो दाबलं मी.

काय?… नवा राउटर म्हंजे कॉम्प्युटरला परकं घर, आन माझ्या नो-नंच फायरवॉलनं दार लावलं?

तुमीच म्हणलेलासा, अनोळखी खिडकी आली की नो दाबायचं… न्हाई, न्हाई, तुमाला दोष देत न्हाई. रडू नका. बोट माझं होतं. जोडल्यावर वर जाऊन एकदा बघायला पायजे होतं, तेवढं बी केलं न्हाई.

काय म्हणलासा? … ही नोंद पुसू?

येतं मला पुसायला, दाजी. एक बटण हाय… कळतंय. नोकरी जाईल. पोलीस येतील… ताईला काय वाटंल ते बी कळतंय. तुमी माझ्या काळजीनंच बोलताय. पर त्या कडी लावलेल्या माणसाचं काय? … "डॉक्टर हाय, सुटंल"? आवं, कडी निघाली की लोक फाडून खातील त्याला! … न्हाई. … ओरडू नका, न्हाई म्हणते ना. प्रिंट दिली बी. निघाली दोन पानं.

थांबा… खिडकीपाशी कोण तरी हाय… धनाजीदादा हायत. धोंडुबाईंचा ल्योक. थांबा जरा, फोन ठेवू नका.

या दादा… आईचा रिपोर्ट ना? हाय. कालपासनं तयार हाय… आत या, टेका हितं… न्हाई दादा, डॉक्टरांनी न्हाई दडवला. त्यांनी नऊ येळा मागितला, ह्या बघा येळा. त्यांच्यापर्यंत पोचूच दिला न्हाई. मी. माझ्या हातनं झालं.

… ऐकलंसा न्हवं, दाजी? … ठेवते.