खंड्याला म्या सोडला तो दिवस

माझं नाव हिराबाई, गाव माणातलं, बाप मेंढरं राखायचा आन दिली बी मेंढरंवाल्याच्याच घरात, म्हंजे जलमापासनं माणसाआधी कुत्र्याची वळख. कुत्र्याबिगर आमचं पान हालत न्हाई. लांडगा यायचा बघा, वाऱ्याच्या उलट अंगानं, बिनआवाजी, आन कोकरू उचलून जायचा. म्हनून बाप पिल्लू असतानाच कुत्र्याला मेंढीचं दूध पाजायचा, मेंढरांतच बांधायचा, म्हंजे त्येला वाटतं हेच आपलं घर. मग त्ये मेंढरं सोडून हालत न्हाई. आन लांडगा दिसला की बाप काठी वर करून आरोळी द्यायचा, हुर्र्या हाऽऽ, की कुत्रं सुटलंच. आरोळीबिगर सुटायचं न्हाई. ह्ये तेवढं ध्यानात ठेवा, पुढं ह्याच्यावरच समदं हाय.

तर आमचा दत्ता शिकला आन हितं आयर्लंडात आला, त्या कंप्युटरच्या चिपा करायच्या कारखान्यात. घर घेतलं नास म्हनून गाव हाय, त्येच्या कडंला. मी आले ती तीन महिन्यांसाठी, २०२० सालच्या जानेवारीत, सुनबाईला, अश्विनीला दिवस गेले व्हते म्हनून. आन मार्चात करोना आला, विमानंच बंद. काय सांगू तुमास्नी, घराच्या दोन किलोमीटरच्या म्होरं जायचं न्हाई म्हंत्यात, आन मी माणदेशातली बाई, दिवसाला आठ-दहा कोस चालनारी. खिडकीत बसून बसून माझं गुडघं धरलं.

पर घराच्या मागं दगडाची भिंत, आन भितीपल्याड मेंढरं. गुबगुबीत, काळ्या तोंडाची, पाठीवर निळा रंग फासलेली. येक दिवस बघते तर कोकरू तारंत अडकलंय आन म्हातारा मालक लंगडत लंगडत येतोय. त्यो पोचंस्तवर कोकराचा जीव जाईल म्हनलं, आन लुगडं खोचून चढले की भितीवर. कोकरू सोडवलं, आईपाशी नेलं, म्हातारा लांबूनच हात जोडल्यावानी करून म्हनला, ग्रँड, ग्रँड, म्हंजे त्यांच्यात झ्याक. त्यो पॅट. बायको वारलेली, लेकरं परदेशात, खुब्याचं दुखनं. त्येला माझं कळत न्हाई, मला त्येचं, पर मेंढरांचं दोघास्नी कळतंय, मग बोलायची काय गरज.

उन्हाळ्यात त्येच्याकडं पिल्लू आलं. पांढरं, अंगावर तांबडं ठिपकं, कान हे लांब. मी इचारलं, ह्ये कोनाचं, तर अश्विनीनं भितीपाशी उभं राहून समजावून सांगितलं. आई, म्हनली, इकडे कोल्ह्याची शिकार करायला कुत्र्यांचा मोठा कळप असतो, पंचवीस-तीस, सगळे एका आवारात राहतात, टॉम म्हणून माणूस त्यांना सांभाळतो. पण पिल्लं आधी गावातल्या शेतकऱ्यांकडे वाढवायला देतात, वर्ष होत आलं की परत न्यायची, आणि पुढच्या हिवाळ्याआधी शिकारीला काढायची. म्हनलं हां, म्हंजे लेक वाढवायची आन सासरी धाडायची. पॅटला त्या खुब्यानं पिल्लामागं पळवंना, तर मी हात वर केला, मी सांभाळते. अश्विनी म्हनली, आई, कुत्र्याला हात लावून किचनमध्ये येऊ नका बरं का, बाळ येणार आहे. म्हनलं न्हाई येत, आन दिवसातनं दहा बार हात धुतलं.

कागदावर त्येचं नाव कायतरी इंग्रजी व्हतं. म्या नाव ठेवलं खंड्या. कसं वाढवलं इचारा. जसं बापानं शिकवलं तसं. पॅटच्या मेंढीचं दूध पाजलं, मेंढरांतच बांधला, माझ्या हातची भाकरी घातली, ज्वारीची न्हाई मिळाली तर मैद्याची. ऐटीत बसायचा मेंढरांत, जसा काय गावचा पाटील. आरोळीवर सोडायचं मात्र शिकवलं न्हाई म्या. खरं सांगते, लपवायचं कशाला, मला त्यो माझ्यापाशीच पायजे व्हता. दत्ता कामात, अश्विनी तिच्या बाळंतपनात, आन ह्यो येकटा माझी वाट बघनारा. नातू झाला, घर हासलं, तरी सकाळी पयली मी भितीकडंच जायची.

दुसऱ्या साली, थंडी सरता सरता, टॉम गाडी घेऊन आला आन खंड्याला घेऊन गेला. दोन दिवस जेवले न्हाई. विमानं सुरू झाली व्हती, पर आपल्याकडं तवा पुन्हा साथ उसळली, दत्ता म्हनला आई आता न्हाई जायचं. ऱ्हायले.

आन मग ती सप्टेंबरातली सकाळ, खंड्याचा शिकारीचा पयला दिवस. पॅट मला जीपमधनं घेऊन गेला. धुकं, गवतावर दव, आन ती कुत्री, आईशप्पत, येकदम झाडीत घुसली की अंगावर काटाच आला. येकानं आवाज दिला, मग दुसऱ्यानं, मग समदी, पार डोंगूर घुमतोय. मी साठीच्या वर गेलेली बाई, लुगड्यावर दत्ताचा कोट घालून ढेकळांतनं पळतेय, पॅट मागनं वरडतोय. आन बघते तर काय, खंड्या शेजारच्या शेतात. मेंढरांत बसलाय.

टॉमनं हाका मारल्या, त्यो हालंना. टॉम पॅटशी हळू बोलला. म्या घरी येऊन अश्विनीला सांगितलं, फोन लाव त्या पॅटला आन इचार काय बोलला त्यो. तिनं इचारलं, आन फोन ठेवला. म्हनलं सांग. म्हनली, आई, जो कुत्रा शिकार करत नाही त्याला ते ठेवत नाहीत. ठेवत न्हाईत म्हंजे काय करत्यात. ती म्हनली, आई, मी त्यांना विचारलं नाही. तिनं इचारलं व्हतं, तोंडावरनं कळलं मला.

आता ह्यात कुत्र्याची काय चूक. म्याच अर्धं शिकवलं. बसायचं शिकवलं, सुटायचं न्हाई शिकवलं, माझ्या सोयीसाठी. त्येचा जीव गेला असता तर माझ्या मायेनं गेला असता.

पॅटनं टॉमला गळ घातली, येक संधी दे, शनवारी माझ्याच रानात ये, कोल्ह्यानं माझी औंदा चार कोकरं नेल्यात. टॉम घोड्यावर बसून आला. कुत्री खालच्या झाडीत सोडली. खंड्या सरळ वर पॅटच्या मेंढरांत येऊन बसला, जुनं घर की त्येचं. मी भितीपाशी उभी, हातात पॅटची काठी.

आन तवा दिसला. कोल्हा. तांबडा, खाली मान, कुत्री खाली वरडत्यात आन ह्यो पठ्ठ्या उलट्या अंगानं वर आलाय, मेंढरांच्या मधनं, म्हंजे वास मोडावा. लांडग्याचंच डोकं. खंड्याचं नाक वर झालं. उठला. पाय थरथरत्यात, पर जागा सोडंना, आन मान वळवून माझ्याकडं बघतोय. इचारत व्हता मला.

आन म्या काठी वर केली. चाळीस वर्सांत आरोळी दिली नव्हती, पर बापाचा गळाच आला माझ्या तोंडात, हुर्र्या हाऽऽ. कधी ऐकली नव्हती त्येनं ती. पर काय सांगू, सुटला. आन सुटताना त्येनं आवाज दिला, पयला, घोगरा, पर जीव तोडून.

त्या कळपाची येक रीत हाय, नवख्याच्या आवाजावर जुनी कुत्री जात न्हाईत. खाली समदी थबकली. मग येक म्हातारी कुत्री वर आली, जिथनं खंड्या गेला तिथं नाक टेकवलं, आन तिनं बी आवाज दिला. झालं. तिच्यामागं पंचवीस कुत्री, माझ्या पायांजवळनं, वारा कापत, आन सगळ्यांच्या म्होरं माझा खंड्या. मी नाचले वो. पॅट खुबा इसरून नाचला. टॉम घोड्यावरनं गेला, जाता जाता टोपी काढून माझ्याम्होरं मान वाकवली.

कोल्हा गावला न्हाई, बिळात शिरला. टॉमनं त्येला तिथंच सोडला. पर खंड्याचं नाव कळपात ऱ्हायलं.

आता डिसेंबरात माझं तिकीट हाय. काल कुत्री आमच्या घराम्होरनं रस्त्यानं चालली व्हती, दोन-दोनच्या जोडीनं, मी नातवाला कडंवर घेऊन दारात उभी. खंड्या त्या म्हातारीच्या बाजूला व्हता. हाक मारावी असं लई वाटलं, ओठावर आली व्हती. न्हाई मारली. त्यो बी वळला न्हाई, सरळ गेला. डोळं भरलं, पर म्हनलं असंच पायजे. जा बाबा, तुझ्या पायाला काटा न लागो.