फ्रँकफुर्टचा डबा

परदेशी निघालाय तर हे ऐका. आमी सगळे लंडनला थोरल्याकडं गेलो, तेव्हा पुढं पॅरिस, झुरिक, रोम असा आगगाडीचा सरळ मार्ग मी नकाशावर आखला. बायकोनं विचारलं, "वाटेत स्टेशनवर डबा कोण आणणार?" आपल्या सोलापूरवरनं पाहुण्यांची गाडी जाणार असली की आपण स्टेशनवर डबा नेतोच की.

"फ्रँकफुर्टला तुमचा भाचा हाय. तिकडनं चला."

"लई वळसा पडतो."

"पडू दे."

भाच्याला ट्रंक कॉल करून गाडीची वेळ कळवली. डब्याचं काय वेगळं सांगायचं? त्या भरवशावर आमी वाटेत काहीच खाल्लं न्हाय.

भाचा फलाटावर हजर होता, रिकाम्या हातानं. म्हणाला, "मामी, डबा द्या लवकर. तुमी येणार म्हणून सकाळपासून उपाशी हाय."