खुंटीवरचं लाल मुंडासं

च्या पिता पिता ऐका, पन मधी हसू नका. बाहत्तर साली आमचा म्हातारा गेला. दहाव्याला मी डोकं भादरलं, मिशी काढली अन् घरी आलो. पोरगं तवा तीन म्हैन्यांचं. रोज मी पाळन्यावर वाकलो की खुदकन हसायचं. सुतकाचं धा दिस पाळन्याकडं फिरकलो न्हवतो. त्या दिवशी वाकलो, तर त्यानं भोकाडच पसरलं.

मी बायकोवर वराडलो, "काय शिकवलंस गं ह्याला?"

ती खाली बघून म्हनली, "मी काय शिकवनार? वळखलं न्हाई तुमाला."

"बापाला वळखत न्हाई?"

बाळंतपन केलेली सखूमावशी तितंच बसल्ती. ती म्हनली, "त्याला अजून नाकडोळं कुठं कळत्यात? मोठं, रंगाचं तेवढं दिसतं. तुजं मुंडासं बघून हसायचं ते."

"कायबी सांगू नगंस."

तिनं पोराला उचललं अन् खुंटीकडं त्याचं तोंड केलं. सुतक म्हनून माजं लाल मुंडासं तितं टांगल्यालं हुतं. पोरगं गप झालं, अन् खुंटीला हसलं.

माजा राग तितंच बसला. म्हाताऱ्याला मोतीबिंदू झाल्ता. शेवटी शेवटी त्योबी लाल दिसलं की म्हनायचा, "आला का रं?"

म्हंजी बाप मुंडाशाला हाक मारून गेला, अन् पोरगं खुंटीला हसतंय. माजं तोंड बघाया ऱ्हायली एक बायको. ती तर लगीन झाल्यापास्नं माज्या रागाला भिऊन खालीच बघती.