पाचोळ्याची वीतभर गादी

हॅलो?… हॅलो… हं, आता बोल, आपा. या उतारावर एका दगडापाशीच रेंज येते, आणि त्याच दगडावर शेजारणीनं ओली रजई वाळत टाकलीय. उभ्यानंच बोलतेय… नाही गं, चिडले नाही. थकलेय.

हो, अक्रोडांच्या जंगलात येऊन चार दिवस झाले. तंबू ठोकला, चूल मांडली… अक्रोड? अजून एकही नाही पाडला… अगं ऐक ना. पहिल्या दिवशी खोड ओलं होतं. दुसऱ्या दिवशी वारा. काल सासूबाई म्हणाल्या, हिरवी सालं अजून उकलली नाहीत… उकललीत गं. शेजारच्यांच्या सहा गोण्या भरल्या.

एर्गाश? आमचे हे झाडावर चढायचा दोर तपासतात… हो, तोच दोर. कालचाच.

काय?… कुणी पोचवलं हे तुझ्यापर्यंत, तिकडे ओश शहरात?… हो, नाही झाडला पाचोळा. सगळ्यांनी आपापल्या झाडाखाली खराटा मारून अंगण केलंय, मी तसाच ठेवलाय… माहितीय, पानांत अक्रोड हरवतात, हुडकताना कंबर मोडते. शेजारीण म्हणाली, नवऱ्यासाठी गादी घातलीस का? म्हणू दे.

आपा, गेल्या वर्षी ते फांदीवरून निसटले, तेव्हा मी निव्वळ आळसानं झाडलं नव्हतं. म्हणून पायावर निभावलं… दैव कसलं? तुझ्याच मुनव्वरला विचार, शाळेत विज्ञान शिकवते ना ती? तिनं एकाच फांदीवरून दोन अंडी सोडली… हो, चांगली अंडी, मीही ओरडले. झाडलेल्या जमिनीवरचं फुटलं, पाचोळ्यातलं राहिलं. म्हणाली, मावशी, वेग दोघांचा सारखाच. माणूस मरतो तो झटक्यात थांबण्यानं. पाचोळ्यात थांबायला वीतभर जागा मिळते, एवढंच.

दीड सेकंद लागतो म्हणे, तेवढ्या उंचीवरून… हं. माझी हाकसुद्धा पुरी झाली नव्हती.

पाय बरा आहे. डॉक्टर म्हणाले, चढायला हरकत नाही… कळतं मला, आपा. पाऊस आला की अक्रोड काळे पडतील, आणि आमचा हिवाळा याच झाडांवर आहे… दुसरा माणूस चढवू? कुणी विचारायचं त्यांना? वीस वर्षं गावातली निम्मी झाडं त्यांनीच झोडपली. सासूबाई आभाळाकडे बघतात, ते दोराकडे बघतात, आणि मी पाचोळा ओढते. आज आणखी चार पोती आणून पसरला… वीतभराचा हातभर केला. हस, हस तू.

थांब हं… ते आलेत. अहो, आपाचा फोन आहे… दोर का सोडला?… बसा आधी. रजई सरकवा ती… काय म्हणालात?

…

आहे गं. लाइनवरच आहे… नाही, काही झालं नाही. ठेवते मी… ते म्हणाले, पाचोळा पुरे कर. म्हणाले, मला वर जायची भीती वाटते.