आखाजी आणि इंग्लंडचा बॅक

शेजारच्या भास्करभाऊंचं आठवलं की अजून माझं डोकं तापतं. चाळिशी उलटली, गुडघा सुजलेला, तरी जळगावच्या फुटबॉल टीमकडून बॅकला खेळायचे. मॅच नेमकी आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला. सगळ्या लेकी सणाला माहेरी जाऊन झोके घ्यायच्या आणि त्यांची बायको कमल घरात बसून यांचा गुडघा शेकायची.

त्या वर्षी तिचा भाऊ पहूरहून न्यायला आला, तेव्हा नवरा-बायको आमच्याकडे टीव्ही पाहत होते. इंग्लंडचा एक थोराड बॅक, डोक्याला पट्टी, शर्ट रक्तानं लाल, तरी समोरच्याला आडवा पाडत होता.

"पाहा," भास्करभाऊ मेहुण्यावर खेकसले, "इतकी वर्षं खेळतोय, पण हटत नाही. आणि कमल गेली तर माझा गुडघा कोण शेकणार?"

कमल रागानं लाल झाली. मला राहवेना.

"भाऊ, त्याला पट्टी बायकोनं बांधली का?"

"बायको कशाला? टीमचा डॉक्टर असतो."

"मग बायको कुठे असते?"

"मला काय माहीत? असेल तिच्या माहेरी," ते चिडून म्हणाले.

कमल उठली. भावाला म्हणाली, "चाल रे, मी बी तठेच जास, माहेरले."