मंगळावरची चिकणमाती

धुळे-शिरपूर एसटीत माझ्या पुढच्या सीटवर एक आजोबा आणि त्यांची नात बसली होती. आजोबांच्या मांडीवर शेंडीवाला नारळ होता.

"सारिका, तू मंगळवर काय धुंडस व?"

"माती न् दगड, नाना. यान वरून टिपतं. उन्हातले ठरावीक रंग प्रत्येक दगड गिळतो, बाकीचे परत पाठवतो. त्यावरून त्याची जात कळते."

"वावरमा पाय न ठेवता?"

"न ठेवता."

"मी वावरमा फिरस तरी. हातवर नारळ उभा ऱ्हायना का तठे पानी."

"आम्हाला चिकणमाती सापडली. ती पाण्याशिवाय होत नाही. म्हणजे तिथे पाणी होतं."

"आते शे का?"

"आता नाही. साडेतीनशे कोटी वर्षांपूर्वी होतं."

"आते पानी नही, तरी तुले कोनी हसनं नही?"

"हसतील कशाला? सरांनी पाठ थोपटली."

"मंग वनाले फोन लाव."

"तुम्ही दाखवलेल्या जागी ज्यांची बोअर फेल गेली, ते वनाआबा?"

"तोच. वीस वरीस व्हयनात, मनी टिंगल करी ऱ्हायना. त्याले सांग, नाना चुकना नही. तठे पानी व्हतं. नानाले फक्त उशीर व्हयना."